मध आणि ग्रीन टीचं जुन: नऊ दिवसांत व्हिनेगर झालं आणि बाटलीत फसफस नाही

प्रश्न (हिरवीपत्ती)

जुनच्या, म्हणजे मध घालून आंबवलेल्या ग्रीन टीच्या, पहिल्या घाण्याचा तपशील देत आहे, चूक नेमकी कुठे आहे ते हवं आहे.

पाणी २ लिटर, ग्रीन टी १२ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवून गाळला. कोमट झाल्यावर १२० ग्रॅम मध. विरजण म्हणून कोम्बुचाची (साखर घालून आंबवलेल्या चहाची) चकती, म्हणजे त्यावर येणारा यीस्ट आणि जिवाणूंचा जाड थर, आणि तिच्यासोबतचं फक्त १०० मिली आंबट पाणी. काचेची बरणी, वर सुती फडकं. खोलीचं तापमान ३० अंशांच्या आसपास. नवव्या दिवशी गाळून बाटल्या भरल्या, दोन दिवस बाहेर ठेवून मग फ्रीजमध्ये.

चव जहाल आंबट, मागे कडवटपणा, आणि फसफस जवळजवळ शून्य. शिवाय नवव्या दिवशी पृष्ठभागावर पांढरट, सुरकुतलेला पातळ थर होता. ही बुरशी म्हणायची का?

प्रतिसाद (बरणीवाला)

मुख्य चूक दिवसांची आहे. ३० अंशांना नऊ दिवस म्हणजे फार झाले. जुनला २० ते २५ अंश मानवतात आणि तेवढ्या तापमानाला ४ ते ७ दिवस पुरतात. तुमच्याकडे गारवा नसेल तर तिसऱ्या दिवसापासून रोज चव बघायची. कॅलेंडर बघून बाटली भरू नका, जीभ सांगेल तेव्हा भरा.

साखरेच्या कोम्बुचापेक्षा हे लवकर पळतं, याला कारण आहे. साध्या साखरेचे यीस्टला आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करावे लागतात. मधात बहुतेक साखर आधीच सुटी असते, त्यामुळे काम पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

फसफस न येण्याचं मूळही तिथेच आहे. मधात साधारण ८० टक्के साखर धरली तर तुमच्या १२० ग्रॅममधून ९६ ग्रॅम साखर मिळाली, म्हणजे लिटरला ५० ग्रॅमसुद्धा नाही. उघड्या बरणीत नऊ दिवसांत यीस्टने तिचा बराच भाग संपवला, वायू फडक्यातून निघून गेला आणि तयार झालेल्या अल्कोहोलचं जिवाणूंनी अ‍ॅसिड केलं. बाटलीत यीस्टला खायला फारसं काही उरलंच नाही.

कडवटपणा मात्र चहाचा आहे. ग्रीन टीला उकळतं पाणी चालत नाही. ७५ ते ८० अंशांचं पाणी आणि ३ मिनिटं बास.

पुढच्या घाण्याला, २ लिटर पाण्यासाठी:

चहा १२ ते १४ ग्रॅम, साधा, कोणतंही सुगंधी तेल न लावलेला. गाळून झाल्यावर ३० अंशांखाली येऊ द्या. मग १५० ते १६० ग्रॅम मध, आणि तो वजनकाट्यावर मोजा. एका मोठ्या चमच्यात २० ग्रॅमच्या वर मध बसतो आणि चमच्याला किती चिकटून राहिला ते कळत नाही. मध तळाशी बसतो, म्हणून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. नंतर विरजणाचं पाणी २५० मिली. तुम्ही १०० घातलं होतं, ते कमी आहे. चकती नसली तरी चालेल, पण आंबट पाणी कमी पडून चालत नाही. सुरुवातीलाच आंबटपणा पुरेसा असला की नको ते जंतू माजत नाहीत.

बाटलीत भरताना द्रव अजून थोडा गोड लागला पाहिजे. भरण्याआधी तळाचा गाळ हलकेच ढवळून घ्या, यीस्ट बरंचसं तिथेच बसलेलं असतं. वरवरचं नितळ पाणी भरलं तर फसफस कमी येणारच.

प्रतिसाद (पीएचपट्टी)

तुमच्या पांढऱ्या थराबद्दल. सुरकुतलेला, पातळ, ओलसर आणि सपाट थर हा बहुतेक वेळा जंगली यीस्टचा पापुद्रा असतो. तो घातक नसतो, पण वास उग्र करतो. बुरशी कोरडी आणि लोकरीसारखी दिसते, गोल ठिपक्यांनी सुरू होते, पांढरी, हिरवी, निळी किंवा काळी असू शकते, आणि नेहमी वरच, हवेला लागून वाढते. चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागे म्हणजे यीस्ट, त्यांना घाबरू नका.

बुरशी असेल तर सगळा द्रव आणि चकतीही टाकायची. वरचा भाग काढून खालचा वापरायचा नाही, धुऊन चकती वाचवायची नाही. बरणी गरम पाण्याने आणि साबणाने स्वच्छ करून नवं विरजण आणायचं.

आंबटपणा मोजणाऱ्या पीएच पट्ट्या ठेवाच, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. विरजण घातल्यावर आकडा ४.५ किंवा त्याखाली हवा, आणि बाटली भरताना साधारण ३ ते ३.५. आठवड्यानंतरही ४.२ च्या वर अडकला असेल तर तो घाणा पिऊ नका.

फडकं घट्ट विणीचं घ्या आणि रबरबँडने आवळा. जाळीदार मलमलीतून चिलटं आत जातात. झिलई दिलेलं मातीचं भांडं टाळा, झिलईत शिसं असेल तर आम्लात उतरतं.

एक वर्षाखालच्या बाळाला हे थेंबभरही देऊ नये, मधातले बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू त्यांना धोक्याचे असतात. अल्कोहोल थोडं तरी असतंच, आणि बाटलीत ते वाढतं. गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना घरचं जुन टाळलेलंच बरं.

प्रतिसाद (मधमाशी)

वरच्या दोघांशी सहमत, पण कोम्बुचाची चकती थेट पूर्ण मधात टाकणं मला पटत नाही. ती जगते, पण पहिले घाणे लहरी निघतात. पहिल्या घाण्यात एक चतुर्थांश मध आणि बाकी साखर, मग निम्मं, मग तीन चतुर्थांश, चौथ्याला पूर्ण मध. प्रत्येक घाण्याचं आंबट पाणी पुढच्यासाठी राखा. नवी चकती फिकट आणि पातळ येईल, ते ठीकच आहे.

कच्चा मध की तापवलेला? कच्च्या मधात त्याचे स्वतःचे यीस्ट असतात, आणि पातळ केल्यावर त्यातलं एक एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. जोरकस विरजण या दोन्हींना पुरून उरतं. कमकुवत विरजणात मात्र सुरुवात रेंगाळते. म्हणून पहिल्या काही घाण्यांना तापवलेला मध घ्या, निकाल सारखा येतो. चवीला कच्चा मध वरचढ, यात वाद नाही. रवाळ झालेला मधही चालतो.

प्रश्न (हिरवीपत्ती)

पुढचा घाणा याप्रमाणे लावतो. बाटलीतला दाब न उघडता कसा ओळखायचा?

प्रतिसाद (बरणीवाला)

त्याच घाण्यातली एक छोटी प्लास्टिकची बाटली भरून काचेच्या बाटल्यांशेजारी ठेवा. ती दाबल्यावर दगडासारखी लागली की सगळ्या फ्रीजमध्ये. २५ अंशांना १ ते ३ दिवस लागतात, ३० ला एक दिवसही पुरतो.

काचेच्या बाटल्या दाब सहन करणाऱ्याच घ्या, जाड आणि गोल. चौकोनी शोभेच्या बाटल्या कोपऱ्यांत फुटतात. वर २ ते ३ सेंटिमीटर जागा सोडा. द्रव फार आंबट झाला असेल तरच अर्ध्या लिटरला ३ ग्रॅम मध वाढवा, गोड असेल तर अजिबात नको. आणि उघडण्याआधी बाटली पूर्ण गार करा, थंड द्रवात वायू विरघळून राहतो, नाहीतर अर्धी बाटली फेस होऊन ओट्यावर येते.