११ आणि १४ वर्षांच्या मुलांना संगणक शिकवण्यासाठी काय घ्यावे?

कृष्णाकाठ: घरात ४ जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी (११) आणि मुलगा (१४) यांनी त्यावर गेम खेळण्याऐवजी स्वतः काही घडवावे अशी इच्छा आहे. ३,००० रुपयांच्या आत काय घ्यावे, हे कृपया सुचवावे.

देवगिरी: आम्ही १४,००० रुपयांचा रोबो संच घेतला आणि मुलाने पहिल्याच आठवड्यात काळ्या रेषेवरून चालणारी गाडी तयार केली. खर्च वाढला तरी संच उत्तमच घ्यावा.

सांजवारा: संच मुळीच घेऊ नका. आमच्या संचाची मोटर महिनाभरात बंद पडली आणि सुटा भाग मिळाला नाही. त्याआधी एका क्लासचे वर्षभराचे शुल्क आगाऊ भरले होते, पण तेथे मुले शिक्षकांनी तयार केलेल्या गेममधील केवळ रंग बदलत असत. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले स्क्रॅच हे सॉफ्टवेअर, ज्यात पडद्यावरचे आज्ञांचे ठोकळे जुळवून गेम किंवा गोष्टी बनवता येतात, विनामूल्य आहे आणि ते इंटरनेटशिवायही चालते.

अर्धविराम: १४ वर्षांच्या मुलाला ठोकळे जुळवायला लावू नये. त्याला थेट पायथॉन ही आज्ञा लिहून वापरायची संगणकभाषा शिकवावी. त्यातील टर्टल या चित्रे काढण्याच्या साधनाने रांगोळीच्या आकृत्याही काढता येतात.

सांजवारा: असहमत. स्क्रॅच ८ ते १६ या वयोगटासाठीच बनवलेले आहे आणि ठोकळ्यांतून अट व पुनरावृत्ती समजलेल्या मुलाला पायथॉनमध्ये फक्त लिहिण्याची रीत नव्याने शिकावी लागते.

काळी माती: मी शिक्षिका आहे. मायक्रोबिट म्हणजे मुलांना प्रोग्राम करता येणारा छोटा संगणक; त्याचा सुटा बोर्ड तुमच्या रकमेत बसावा. त्यावर २५ छोटे दिवे आणि दोन बटणे असतात. आमच्या विद्यार्थ्यांनी कुंडीत दोन खिळे रोवून ते तारांनी बोर्डाला जोडले. माती कोरडी झाली की खिळ्यांमधून वाहणारी वीज कमी होते, बोर्डाने मोजलेला आकडा उतरतो आणि दिव्यांवर उदास चेहरा उमटतो. झाडाला पाणी घालण्यासाठी मुले मधली सुट्टी सोडून धावत येत.

देवगिरी: स्क्रॅचसारखे ठोकळे आमच्या रोबो संचातही आहेत, म्हणून संचच घ्यावा.

कृष्णाकाठ: सर्वांचे आभार. अखेर मुलांनाच विचारले, तेव्हा त्यांना आजीच्या जात्यावरच्या ओव्या जतन करायच्या आहेत असे कळले. त्यामुळे बोर्ड किंवा संच न घेता ९०० रुपयांचा मायक्रोफोन आणला आणि ऑडॅसिटी हे आवाज मुद्रित व संपादित करण्याचे विनामूल्य सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतले. मुलगी प्रत्येक ओवीसाठी चित्र काढणार आहे. पहिल्या ओवीमागे कुकरची शिट्टी आली आहे; आजीचा आवाज न बिघडवता ती कशी काढावी, हे मुलगा सकाळपासून शोधत आहे.