हवामान बदलाशी अनुकूलन की कचरा व्यवस्थापन : प्रशिक्षण निवडताना काय पाहावे?

पाऊलवाट
नमस्कार. आमच्या संस्थेतील चार जणांना यंदा प्रशिक्षणासाठी पाठवायचे आहे. एक कार्यक्रम हवामान बदलाशी अनुकूलनाचा, पाच दिवसांचा आणि बहुतांश व्याख्यानांचा आहे. दुसरा शाश्वत कचरा व्यवस्थापनाचा, तीन दिवसांचा, त्यातला एक दिवस क्षेत्रभेटीचा. निधी एकाच कार्यक्रमाला पुरेल. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, कचऱ्यातून मिथेन निघतो, तेव्हा कचऱ्याचे प्रशिक्षण घेतले की हवामानाचा विषय त्यात आलाच. मला हे पटत नाही, पण का पटत नाही तेही नीट मांडता येत नाही. नुसते माहितीपत्रक वाचून कार्यक्रमाचा दर्जा कसा ओळखावा?

जुना प्रशिक्षक
आपले सहकारी शमन आणि अनुकूलन यांत गल्लत करत आहेत. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट उष्णता वाढवतो, त्यामुळे ओला कचरा क्षेपणभूमीत, म्हणजे कचरा टाकण्याच्या जागेत, हवेविना कुजू न देणे मोलाचे आहेच. पण ते झाले उत्सर्जनाचे शमन, म्हणजे हवा तापवणारे वायू कमी करणे. जे बदल सुरू झाले आहेत त्यांत तग धरण्याची तयारी म्हणजे अनुकूलन, आणि मिथेन कमी केल्याने अतिवृष्टीत तुंबलेला नाला काही मोकळा होत नाही. गंमत अशी की दोन्ही विषयांचा सांधा नेमका त्या नाल्यापाशीच आहे : पाणी अडवणारे प्लास्टिक, पुरात बुडून दूषित पाणी पाझरवणारी क्षेपणभूमी, उष्णतेच्या लाटेत लवकर सडणारा कचरा आणि तो भर उन्हात उचलणारे कामगार. माहितीपत्रकात या सांध्याला एक तरी पूर्ण सत्र दिले आहे का, ते आधी पाहावे. २०१५ च्या पॅरिस करारातील अनुकूलनाचे सातवे आणि क्षमताबांधणीचे अकरावे कलम समजावण्यातच पहिला दिवस जाणार असेल, तर मी तरी तिकडे माणसे पाठवणार नाही.

ताडपत्री
मी दुसऱ्या प्रकारचे प्रशिक्षण घेतले आहे. पहिल्याच सकाळी आमच्यासमोर ताडपत्रीवर मिश्र कचऱ्याचा ढीग ओतला गेला. तो कालवून, सपाट करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन बाजूला टाकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे, आणि हाताळता येईल एवढा नमुना उरला की प्रकारांनुसार वेगळे करून वजन करायचे. तोवर आम्ही सगळे प्लास्टिकबद्दलच तावातावाने बोलत होतो. वजनकाट्याने मात्र ओल्या कचऱ्याकडे बोट दाखवले.

कंपोस्टचेही तसेच. कार्बन आणि नत्राचे २५ ते ३० ला १ हे प्रमाण फळ्यावर दोन मिनिटांत लिहून झाले, पण ओलावा ओळखायला प्रशिक्षकांनी मूठभर माल हातात दिला. मूठ आवळल्यावर पाणी गळले तर वाळका पाला हवा, मूठ उघडताच माल भुरभुरला तर पाणी हवे, आणि बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब येऊन गोळा टिकला तर ठीक.

तक्रार एकच. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर आयोजकांनी एकदाही चौकशी केली नाही. आमच्याकडून दोघेच गेलो होतो, त्यातल्या एकाची तीन महिन्यांत बदली झाली आणि कंपोस्टचे काम मागे पडले. पाठपुराव्याची भेट कधी आहे, हे आधीच लेखी विचारून घ्या.

वाचनवेडा
अनुकूलनाची मूलतत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या यूएन सीसी:लर्न या उपक्रमाच्या विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांतून शिकता येतात. मग निधी प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणावर का खर्च करू नये?

जुना प्रशिक्षक
सूचना चांगली आहे, पण अर्धीच. आपल्या वस्तीत पाणी कुठे साचते, तिथे कोण राहते आणि त्यांच्याकडे सावरण्याचे साधन काय, हे नकाशावर मांडण्याचे काम पडद्यासमोर बसून होत नाही. चौघांनी अभ्यासक्रम पुरा केल्यावर हा नकाशा एकत्र बसून करावा आणि तो घेऊनच कचऱ्याच्या प्रशिक्षणाला जावे. म्हणजे क्षेत्रभेटीत नेमके प्रश्न विचारता येतील.

पाऊलवाट
सर्वांचे आभार. तसेच करायचे ठरवले आहे. ज्यांची बदली लवकर संभवत नाही असेच चौघे निवडत आहोत, आणि नमुना स्वतः वेगळा करायला मिळेल का व पाठपुराव्याची भेट कधी असेल, हे दोन प्रश्न आयोजकांना लेखी पाठवले आहेत. उत्तर आले की इथे कळवतो.