साध्या वेब सर्व्हरवरूनही व्हिडिओ नीट चालतो
व्हिडिओसाठी वेगळा स्ट्रीमिंग सर्व्हर लागतोच, असं अनेकदा म्हटलं जातं, पण हे मत मला पटत नाही. एमपी४ फाइल पूर्ण उतरेपर्यंत सुरूच होत नसेल, तर तिचा 'मूव्ह' (moov) नावाचा भाग बहुधा फाइलच्या शेवटी असतो. कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका त्यातच असते. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये फास्टस्टार्टचा पर्याय देऊन ती फाइलच्या सुरुवातीला आणा. स्ट्रीम कॉपी केला, म्हणजे आतला व्हिडिओ-ऑडिओ जसाच्या तसा उचलला, तर पुन्हा एन्कोडिंग करावं लागत नाही, दर्जाही तसाच राहतो.

पुढे-मागे सरकवता येत नसेल तर रेंज रिक्वेस्टला, म्हणजे फाइलचा ठरावीक भागच मागणाऱ्या विनंतीला, सर्व्हरकडून २०६ ('फाइलचा भाग पाठवतोय' असा कोड) उत्तर येतंय का, ते तपासा. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी स्क्रिप्टमधून फाइल देणारे नेमकं हेच विसरतात, आणि मग उगाच सर्व्हरला दोष देतात.

नेटच्या वेगानुसार दर्जा बदलायचा असेल तर एचएलएस (एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग) ही पद्धत वापरा. तेही शेवटी व्हिडिओचे छोटे तुकडे आणि त्यांची यादी (प्लेलिस्ट) एवढंच, साध्या एचटीटीपीवर चालणारे.