मदत हवी: सीबीनॅट निगेटिव्ह, तरी टीबीचं औषध? (नागपूर)

घाईत आहे | मंगळवार, रात्री १०.४०
कोणी जाणकार असेल तर लवकर सांगा. ताईची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची डीएनए टेस्ट) निगेटिव्ह आली. स्वच्छ लिहिलंय, एमटीबी नॉट डिटेक्टेड, म्हणजे टीबीचा जंतू सापडला नाही. तरी डॉक्टर म्हणतात परवापासून टीबीचं औषध सुरू करू, सहा महिने. डीएनएची टेस्ट म्हणजे शेवटचा शब्द ना? मग औषध कशाला? मे महिन्यात लग्न आहे तिचं. परवा सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

खामल्याची काकू | १०.५२
वय किती? खोकला? ताप? वजन उतरलं का? एवढं तरी लिहा बाप्पा.

घाईत आहे | १०.५५
२६. खोकला नाही. संध्याकाळी अंगात कसकस असते, बाकी काही नाही. प्रश्न टेस्टचा आहे, तब्येतीचा नाही.

कोर्टाची पायरी | ११.०३
डीएनए चाचणीची कोणावर सक्ती करता येत नाही. पितृत्वाच्या वादात कोर्टही ऊठसूट आदेश देत नाही. पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं ११२ कलम वाचा. नव्या कायद्यात ते ११६ आहे. नात्याचा वाद नेमका काय आहे ते लिहा, मग सांगतो.

सावजी रस्सा | ११.०६
वकीलसाहेब, जंतूचा डीएनए पाहून राहिले ते. जंतूच्या बापाचा नाही.

एकदम टेक्निकल | ११.१०
डीएनए खोटं बोलत नाही. कोविडात आरटीपीसीआर निगेटिव्ह आली की ऑफिसात घेत होते ना? तसंच हे. डॉक्टर बदला. धंतोलीत दर दहा पावलांवर एक दवाखाना आहे.

काचपट्टी | ११.२१
मी लॅबमध्ये काम करतो. कोविडची टेस्ट आरएनएची होती, आणि आज निगेटिव्ह, तीन दिवसांनी पॉझिटिव्ह असे किती निघाले तेही आठवा. धागाकर्ते, नमुना कशाचा दिला होता? रिपोर्टवर ‘सॅम्पल’समोर काय लिहिलंय?

घाईत आहे | ११.२३
स्प्युटम. का?

काचपट्टी | ११.२४
खोकला नाही, मग थुंकी कुठून आणली? आणि औषध सांगणारे डॉक्टर कशाचे?

घाईत आहे | ११.३१
सर्जन. मानेची गाठ काढली ना त्यांनी मागच्या आठवड्यात. थुंकी म्हणजे, खाकरून जे आलं ते दिलं डबीत. बायोप्सीत ‘केसिएटिंग ग्रॅन्युलोमा’ असं काहीतरी आलंय. बाजूला अजून एक छोटी गाठ आहे, ती ठेवलीय.

खामल्याची काकू | ११.३३
अरे देवा. गाठ आत्ता सांगतोस?

काचपट्टी | ११.५०
आता नीट वाच. सीबीनॅटचं यंत्र नमुन्यातल्या टीबीच्या जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधतं आणि त्याच्या प्रती वाढवत नेतं. आरपीओबी नावाच्या जनुकातली ८१ अक्षरं. तुकडा सापडला तर जंतू आहे. त्याच ८१ अक्षरांत बदल दिसला तर रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध बहुधा लागू पडणार नाही. दोन्ही उत्तरं साधारण दोन तासांत मिळतात. पण यंत्र फक्त डबीतलं पाहतं. डबीत लाळ आणि आजार मानेत, तर निगेटिव्ह येणारच. त्या रिपोर्टचा अर्थ एवढाच की थुंकीत काही सापडलं नाही. गाठीबद्दल तो काहीच सांगत नाही.

गाठीचाच तुकडा दिला असता तरी निगेटिव्हवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण गाठीत जंतू मुळात कमी असतात. बायोप्सीतलं केसिएशन (गाठीचा आतला भाग मरून चीजसारखा होणं, टीबीत हे बहुधा दिसतं), संध्याकाळची कसकस, मानेची गाठ हे सगळं एकत्र पाहून तुमचे सर्जन बोलतायत. माझ्या मते माणूस चुकीचा नाही.

आता एक सांग. गाठ लॅबला कशात नेली? बाटलीतल्या पाण्याला उग्र वास होता का?

घाईत आहे | बुधवार, सकाळी ७.१२
मीच नेली. ओटीबाहेर सिस्टरने बाटली हातात दिली, म्हणाल्या सांडू नका. स्कूटीच्या डिक्कीत रुमालात गुंडाळून ठेवली. रामदासपेठेत पोचून डिक्की उघडली तर असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी. झाकण सैल होतं, रुमाल ओला. आत चिंचोक्याएवढा पांढरट गोळा. तो रुमाल आईने फेकूनच दिला.

काचपट्टी | ७.३०
फॉर्मॅलिन. अख्खी गाठ त्यात गेली. मायक्रोस्कोपखाली पेशी बघायला ते लागतंच, पण त्यात जंतू मरतात, म्हणजे कल्चर (जंतू वाढवून पाहायची टेस्ट) संपलं. डीएनएही तुटतो. अर्धा तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा ठेवला असता तर आज हा धागाच निघाला नसता. असं दर महिन्याला पाहतो मी. नमुना घेऊन येणाऱ्या नातेवाइकाला कोणी काही सांगतच नाही.

एकदम टेक्निकल | ७.४१
बायोप्सीची गाठ मेणात बसवून ठेवतात, त्या ब्लॉकवरसुद्धा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची टेस्ट) होते. उगाच घाबरवू नका.

काचपट्टी | ७.४४
होते, काही ठिकाणी. सीबीनॅटचं कार्ट्रिज (नमुना घालून यंत्रात बसवतात ते) त्यासाठी बनलेलं नाही. आणि ब्लॉकमधून कल्चर काढून दाखवा, मी तर्री पोहे खिलवतो.

निवृत्त तपासनीस | ८.०५
आम्ही ३२ वर्षं काचेवर थुंकी पसरून, लाल रंग देऊन टीबी शोधला. कॉखने १८८२ साली जंतू दाखवला तोही मायक्रोस्कोपखालीच. आता पोरं मशीनशिवाय बोलत नाहीत. पेशंटची निक्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) नोंद झाली का? खाजगी डॉक्टरलाही ती बंधनकारक आहे. आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात.

काचपट्टी | ८.१४
काका, मान आहेच. पण काचेवर जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच-दहा हजार लागतात. सीबीनॅटला साधारण १३०, नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला १६ पुरतात. फरक आहे न.

बजाजनगर | ८.३०
माझ्या साळ्याला पॅकेजमध्ये टीबीची रक्ततपासणी करून मिळाली, आयजीजी-आयजीएम, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची. घरी येऊन रक्त नेतात. तेच करा, कापाकापी नाही.

निवृत्त तपासनीस | ८.३६
टीबीसाठी त्या रक्ततपासणीवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. साळ्याचे पैसे परत मागा.

घाईत आहे | ८.५०
हजार रुपये नकोत, रक्ततपासणी नको. औषध उद्या सुरू करू की नको, एवढंच सांगा.

काचपट्टी | ८.५८
ते सर्जन ठरवतील, मी नाही. एवढं विचारून घे: घरात कोणाला टीबी होता का, औषध अर्धवट सोडलं होतं का?

घाईत आहे | ९.२०
आजोबांना होता. तीन वर्षांपूर्वी गेले. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, सोडल्या. मग पुन्हा सुरू केल्या, पुन्हा सोडल्या. ताईच बघायची त्यांचं. पण ते जुनं झालं.

काचपट्टी | ९.२४
जुनं नाही झालं, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे! असं सोडत-धरत औषध खाल्लं की जंतू गोळीला जुमानेनासा होऊ शकतो, आणि तोच ताईकडे आला असेल तर नेहमीच्या गोळ्या पुरणार नाहीत. आजच सर्जनला हे सांग. उरलेल्या गाठीतून औषधाआधी सुईने नमुना घेता येईल का विचार. सलाइनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चर दोन्हीसाठी. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात, पण सीबीनॅटचं उत्तर लगेच येईल. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, सरकारी कार्यक्रमातून फुकट होते.

सावजी रस्सा | ९.३१
मेडिकलला गाडी नका नेऊ, ऑटोने जा. मागच्या वेळी माझी ॲक्टिव्हा सापडायलाच पाऊण तास गेला.

बजाजनगर | ९.३३
त्यापेक्षा धंतोली वाईट. परवा डबल पार्किंगमध्ये...

खामल्याची काकू | ९.३५
पार्किंगचा धागा वेगळा काढा रे.

घाईत आहे | पुढचा सोमवार, संध्याकाळी ६.०५
सर्जन आधी चिडले, मग आजोबांचं ऐकून गप्प झाले. सुईने नमुना घेतला. या वेळी बाटली मी नाकाला लावून पाहिली, वास नव्हता. रिपोर्ट आला: एमटीबी डिटेक्टेड, व्हेरी लो. रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड, म्हणजे रिफॅम्पिसिन लागू पडेल. कल्चर लावलंय. आजपासून गोळ्या सुरू. लघवी संत्र्याच्या रंगाची झाली म्हणून ताई घाबरली होती, ते गोळीमुळेच होतं म्हणे. मुलाकडच्यांना खरं सांगितलं. त्यांची आई म्हणाली, मेपर्यंत काय आणि डिसेंबरपर्यंत काय.

काचपट्टी, आभार. जाता जाता एक विचारतो. बाबांना दोन महिन्यांपासून खोकला आहे. खर्रा खातात म्हणून असेल ना?

काचपट्टी | ६.०६
अबे! थुंकी. उद्या. सकाळची पहिली.