कर्ज सरकार फेडतं, वीजबिल गाव

जागतिक बँकेच्या कर्जाने गावावर बोजा चढतो, असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. २००३ मध्ये मंजूर झालेल्या ‘जलस्वराज्य’ या महाराष्ट्रातल्या ग्रामीण पाणीपुरवठा प्रकल्पाचं कर्ज फेडायचं ते सरकारने; गावाकडून भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी (आदिवासी गावांना कमी) मागितली होती. खरी ओढाताण त्यानंतरची. देखभाल-दुरुस्ती सगळी गावाच्या गळ्यात. पंपाचं बिल थकलं की वीज तोडतात, आणि टाकी-नळ असूनही बायका पुन्हा विहिरीवर. निवडणूक तोंडावर आलेला सरपंच पाणीपट्टी कशाला वाढवेल? २०१४च्या ‘जलस्वराज्य-२’मध्ये काम तपासूनच पैसे सोडायची पद्धत होती, ते बरंच. पण प्रकल्प संपल्यावर पाणीपट्टीची वसुली कोण तपासतं?