60 मीटरचा प्राणी गोदाघाटावर उभा करायचाय, पण तो जड वाटत नाही

गंगापूररोडवाला:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मित्र मिळून वीस मिनिटांची फिल्म करतोय. परग्रहावरून एक प्राणी गंगापूर धरणात कोसळतो आणि नदीच्या पात्रातून सोमेश्वर, आनंदवली करत रामकुंडापर्यंत चालत येतो. कथेत त्याची उंची 60 मीटर. मॉडेल 60 सेंटिमीटरचं आहे, तारेचा सांगाडा आणि वर फोम. खालून काठ्यांनी हलवतो. पुठ्ठ्याचा घाटही जवळपास तयार आहे.

अडचण एकच. मोबाइलवर शूट केलं की प्राणी हलका दिसतो. पाय टेकतो, पण जमीन दबल्यासारखी वाटत नाही. मला कॉम्प्युटरवर प्राणी करायचा नाही, हातानेच करायचाय. लहानपणापासून हे सिनेमे बघतोय. पडद्यावर तो पहिला पाय पडतो तेव्हा पोटात जे होतं, तेच मला आपल्या नाशिकच्या माणसाला आपल्याच घाटावर द्यायचंय. काय करू?

देखावेवाले काका:
बाळा, मी भद्रकालीत गणपतीचे चलत देखावे करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. तुझ्या प्राण्यात खोट नाही, खोट वेळेत आहे.

वस्तू जितकी उंच, तितकी ती पडायला जास्त वेळ घेते, पण तो वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. तुझं मॉडेल 1:100 आहे. 100 चं वर्गमूळ 10. म्हणजे 24 फ्रेमच्या दहापट, सेकंदाला 240 फ्रेमने शूट कर आणि 24 ने दाखव. आजकाल बऱ्याच मोबाइलमध्ये 240 ची सोय असते. मात्र हातही दहापट वेगाने चालला पाहिजे. पडद्यावर पाऊल तीन सेकंदांत पडायला हवं असेल, तर शूटिंगला ते 0.3 सेकंदात पडलं पाहिजे. काठ्या धरणाऱ्यांनी आधी नुसत्या तालावर सराव करा. जमतं.

1954 च्या पहिल्या जपानी 'गोजिरा'तही, म्हणजे 'गॉडझिला'तही, हीच युक्ती होती. तिथे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या त्सुबुराया यांनी माणसालाच प्राण्याचा पोशाख घातला. प्राणी 50 मीटरचा, इमारती 1:25, आणि कॅमेरा जादा वेगाने फिरवलेला. पहिला पोशाख सुमारे 100 किलोचा होता. तो घालून आतले नट नाकाजिमा यांना धड चालताही येईना, म्हणून दुसरा हलका केला. पण ते चालणं बघ. प्रत्येक पावलाला कष्ट दिसतात. तुझ्या काठीवाल्यांना ते चार-पाच वेळा दाखव.

आता उजेड. ट्यूब किंवा साध्या एलईडीखाली 240 ने शूट केलंस की चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. सरळ गच्चीवर जा. सकाळचं तिरकं ऊन घे, सावल्या लांब पडतात. जादा वेगाला उजेडही भरपूर लागतो, तो फुकट मिळेल. पाऊल जिथे पडणार तिथे चाळलेल्या मातीचा थर दे, बारीक वस्त्रगाळ. जाड कण उडाले की मॉडेल लगेच ओळखू येतं.

आणि कॅमेरा खाली. 1:100 मध्ये माणसाचे डोळे दीड सेंटिमीटरवर येतात. मोबाइल उलटा धर, म्हणजे लेन्स जमिनीला टेकेल.

भौतिकशास्त्रवाली:
काकांचं गणित बरोबर आहे. एक भर घालते. उंची दुप्पट केली की हाडाचा छेद, म्हणजे त्याची ताकद, चौपट होते, वजन मात्र आठपट. गॅलिलिओने हे 1638 मध्येच मांडलंय. खरा 60 मीटरचा प्राणी स्वतःच्या वजनाखाली मोडेल. तुम्ही त्याला उभा करताय, तर निदान चाल तरी जडाची द्या. हत्ती उडी मारत नाही, वेगात पळतानाही त्याचा एखादा पाय जमिनीवर असतो. तुमच्या प्राण्याचे दोन्ही पाय कधीही एकदम उचलू नका. आणि पाऊल पडल्यावर अंग लगेच थांबायला नको. आधी गुडघा, मग पोट, शेवटी मान स्थिर होऊ दे.

पंचवटीकर:
काठावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती ठेवलीय का? नसेल तर आजच करा. पूर किती आला हे आपण त्याच्यावरूनच मोजतो, गुडघ्याला लागलं, छातीला लागलं. त्याची उंची प्रत्येक नाशिककराच्या डोळ्यात बसलेली आहे. तुमच्या घाटावर तो बोटाच्या पेराएवढा होईल. त्याच्या शेजारी पाऊल पडू द्या, आकार सांगावा लागणार नाही.

आवाजासाठी नारोशंकर मंदिराची घंटा. प्राणी दिसायच्या आधी ती आपोआप हलकी वाजू लागली पाहिजे. 'ज्युरासिक पार्क'मधला ग्लासातल्या पाण्याचा थरार आठवा. तिथे गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून छेडली होती. तो डायनोसॉर तेव्हा अजून दिसलेलाही नसतो.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतो. महाकाय प्राण्याचा सिनेमा नाशिकला नवा नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1919 मध्ये 'कालिया मर्दन' केला, त्यांच्या हिंदुस्थान कंपनीसाठी, कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. त्यात पाण्याखालच्या झुंजीइतकीच काठावरची घाबरलेली माणसंही दिसतात. तुमच्या कथेत काठावर कोण आहे? भाजीवाली, पुरोहित, आंघोळीला आलेला म्हातारा, त्यांचे चेहरे घ्या. निम्मं वजन तिथून येईल.

गंगापूररोडवाला:
काका, 240 वर एक पाऊल घेऊन बघितलं. माती वर गेली आणि हवेत रेंगाळत खाली आली, आम्ही चौघंही ओरडलो! दुतोंड्या आज रात्री शाडूत करतोय. ताई, गुडघ्याला वेगळी तार जोडावी लागेल, ते उद्या. आता फक्त पाणी राहिलं. रामकुंडात पाय बुडतो तेव्हा थेंब बोराएवढे दिसतात.

देखावेवाले काका:
थेंब लहान होत नसतो, त्यावर वेग वाढवूनही उपाय नाही. खरं पाणी फक्त दुरून दाखव. पाय बुडतो तिथे जवळून शॉट नको, पायऱ्यांवरून लोट खाली येताना घे आणि त्याच्यापुढे धुकं सोड. रविवारी ये, माझ्याकडे धुराचं मशीन आहे.