फोरप्ले: चार दिग्गज की झोपेची गोळी?

खर्जवाला: कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, 'फोरप्ले म्हणजे लिफ्टमधलं संगीत, चार दिग्गजांनी मिळून केलेली झोपेची गोळी.' अहो, जॅझ बँड आहे तो: किबोर्डवर बॉब जेम्स, गिटारवर ली रिटनूर, बेसवर नेथन ईस्ट, ड्रम्सवर हार्वी मेसन! १९९१ चा पहिलाच अल्बम काढा आणि एकदा फक्त मेसनचा स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला तो कडक आवाजाचा ड्रम, ऐका. मोठ्या ठोक्यांच्या मधे हलके, जेमतेम ऐकू येणारे ठोके पडतात. गाणं चालतं ते त्यांच्यावर. हौशी बँड हीच गाणी वाजवतात तेव्हा चिखल होतो, कारण किबोर्डवाला डाव्या हाताने कॉर्डचा मूळ स्वर दाबून धरतो आणि बेसच्या अंगावर जातो. मूळ स्वर बेसला सोडा, कॉर्डमधले तिसरा आणि सातवा स्वर तेवढे वाजवा.

तिरकिट: वादक थोर, मान्य. हर्बी हॅनकॉकच्या 'हेड हंटर्स' अल्बमवर (१९७३) हाच मेसन होता, तिथे कसा पेटलाय! इथे सोलो तापायच्या आत आवरता घेतात. आणि 'पहिला अल्बम बिलबोर्डच्या कंटेम्पररी जॅझ यादीत ३३ आठवडे पहिला' हे ऐकवू नका, खप म्हणजे दर्जा नव्हे.

खर्जवाला: फोनवर ऐकलंत ना? ईस्टच्या पाच तारांच्या बेसची खालची तार ३१ हर्ट्झची. फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही.

तिरकिट: वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरांवरून, कान मूळ स्वर ओळखतो. शाळा घेऊ नका.

खर्जवाला: ओळखतो, पण छातीवर येत नाही! शिवाय आवाज बारीक केला की कानाला आधी खर्जच कमी ऐकू येतो. लिफ्टच्या आवाजात ऐकलं की लिफ्टचंच वाटणार.

मींड: म्हणून ब्लूटूथ डबा फुल करू नका. छोट्या डब्यात आवाज चढला की आतलं सर्किट स्पीकर वाचवायला बेसच कापतं. तारेचा हेडफोन लावा, बेस-बूस्ट बंद ठेवा. बाकी रिटनूर गेल्यावर लॅरी कार्लटन आला, तिथून खरी मजा. गिब्सनच्या ३३५ मॉडेलच्या गिटारवर एकच स्वर ताणून धरतो, त्यावर बोला की कुणीतरी.

तिरकिट: घ्या, आता गिटार. हेडफोन लावून ऐकलं. बेस झकास आहे. सोलो अजूनही थंडच.

खर्जवाला: झकास म्हणालात! स्क्रीनशॉट घेतलाय.

मींड: कार्लटनचं राहिलंच.